देवास गेटवरचं माझं पोट

उज्जैनच्या राम घाटावर एका पंडितजींनी मला गर्भवती ठरवलं, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि माझं गर्भाशय काढून चार वर्षं झाली होती.

थोरली नणंद आणि तिचे यजमान नाशिकहून आले होते. सकाळी त्यांना क्षिप्रेवर घेऊन गेले. पूजा सुरू असताना पंडितजींचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मोठ्या मायेने ते म्हणाले, "बहूजी, आप सीढ़ी पर बैठ जाओ. ऐसी हालत में इतनी देर खड़े नहीं रहते. कहो तो बच्चे के नाम का संकल्प भी करा दूँ."

ताईंना असं हसू फुटलं की ओंजळीतलं पाणी साडीवर सांडलं. मीही हसले. दुसरं काय करणार? पण परतताना ताईंनी ऑटोतूनच फोन लावून ती गोष्ट आपल्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितली. जेवताना पुन्हा सांगितली. नाशिकला जाऊनही सांगितली असणार, कारण पुढे एका लग्नात एक अनोळखी बाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "त्या पंडितजींचं काय झालं हो, सांगा ना."

माझं पोट कसं होतं ते सांगायची मला लाज नाही. पुढे अख्ख्या बसस्टँडने ते पाहिलं, आता लपवायचं काय? मुलीच्या वेळी सिझेरियन झालं, त्याचा आडवा व्रण. गर्भाशय काढलं त्याचा उभा. दोन्ही मिळून बेंबीखाली उलटा 'टी' तयार झालाय. बेंबीच्या डाव्या बाजूला, एका दिवाळीत अनारसे तळताना उडालेल्या तुपाचे तीन पांढुरके डाग. आणि या सगळ्याखाली चरबीची एक घडी, जी कशालाच दाद देत नव्हती. दोन वर्षं मी रोज सकाळी कोठी रोडवर चालले. भात सोडला, सेव सोडली, पोह्यांवरची जलेबी सोडली. उज्जैनमध्ये राहून जलेबी सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. गाल बसले, दंड उतरले, बँकेतले लोक विचारायला लागले, "मैडम, तबीयत तो ठीक है?" पोट तिथेच. साडी नेसले की निऱ्यांच्या वर येऊन बसायचं, काउंटरचा ड्रॉवर उघडला की आधी त्याला लागायचा.

एके दिवशी वर्तमानपत्रातून एक पत्रक पडलं. अल्ट्रासाउंडने चरबी कमी करतात. कापणं नाही, टाके नाहीत, भूल नाही. फ्रीगंजमधलंच सेंटर, बँकेपासून पायी पाच मिनिटं. मी ते पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि संध्याकाळी घरी सांगून टाकलं.

नवरा देवासजवळच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवतो. वही तपासताना मान वर न करता म्हणाला, "या वयात? कोणाला दाखवायचंय?"

"मला."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय. घाटावर."

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिचा फोन आला तर ती दुसऱ्या बाजूने सुरू झाली. "आई, तू जशी आहेस तशी सुंदर आहेस. हे सगळं बाजाराने आपल्या डोक्यात भरवलेलं असतं. तू कशाला बळी पडतेस?"

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग मी विचारलं, "तू दातांना तार लावून घेतलीस, ते कोणी डोक्यात भरवलं होतं?"

"ते वेगळं गं आई."

ते वेगळं कसं, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, लाज बाळग. मुलीचं म्हणणं, अभिमान बाळग. दोघांनाही माझ्या पोटाबद्दल मत होतं आणि ते पोट घेऊन दिवसभर वावरायचं होतं मला. शनिवारी बँकेला सुट्टी होती. मी गेले.

सेंटरच्या मालकांना सगळे 'सर' म्हणायचे. पांढरा कोट, दाट केस, बोलणं लोण्यासारखं. "मैडम, आठ सिटिंग के बाद आप आईने में खुद को पहचान नहीं पाओगी."

मी म्हटलं, "पहचान रहने दीजिए. बस पेटीकोट का नाडा अपनी जगह पर बँधे, इतना बहुत है."

ते हसले आणि फॉर्म पुढे केला. तीस वर्षं बँकेत काढलेली बाई कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. मी दोन्ही पानं वाचली. उपचाराला संमती, आजारांची माहिती, आणि शेवटी 'फोटो रिकॉर्ड के लिए लिए जाएँगे'. फाईलला फोटो लागतच असेल, असं म्हणून सही केली.

मशीन चालवायला होत्या सिस्टर. माझ्याच वयाच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला टेबलावर झोपवलं. कुर्ता वर घेताना माझ्या तोंडून गेलं, "सॉरी हं, सिस्टर."

त्यांनी जुन्या टाक्यांवर बोटं ठेवून मला खोकायला लावलं, हर्निया तर नाही ना ते पाहिलं. यकृत, हृदय, साखर, सगळं विचारलं. टेपने बेंबीच्या रेषेत आणि खाली दोन ठिकाणी मापं घेतली, पेनने पोटावर चौकोन आखले, समोरून आणि बाजूने फोटो काढले. फोटोंत चेहरा नव्हता, गळ्यापासून खालचीच मी. मग दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, "दीदी, सच बोलूँ? ये वज़न घटाने की मशीन नहीं है. दो उँगल जाएगा, बहुत हुआ तो तीन. वो भी चलना बंद नहीं किया तो. और ये निशान कहीं नहीं जाएँगे."

मी म्हटलं, "दो उँगल चलेगा. निशान मेरे हैं, रहने दो."

गार जेल, त्यावर फिरणारं मशीनचं गोल डोकं, हळूहळू चढत जाणारी ऊब. दुखत नाही. पण डोक्यात एक बारीक शिट्टी सुरू होते, पावसाळ्यातल्या रातकिड्यासारखी, आणि ती फक्त आपल्यालाच ऐकू येते. पहिल्या दिवशी मी सिस्टरांना तीनदा विचारलं की बाहेर काही वाजतंय का. त्यांनी समजावलं की या लहरींनी कातडीखालच्या चरबीच्या पेशी फुटतात, आणि मग शरीर ती चरबी सावकाश आपल्या वाटेने निकालात काढतं, म्हणून नंतर पाणी प्यायचं आणि चालायचं. चार दिवसांत काही दिसत नाही. महिने जातात.

सुट्टीच्या दर शनिवारी मी तिथे पडून असायचे आणि आमच्या गप्पा व्हायच्या. सिस्टरांची सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेली. एकदा मशीन फिरवता फिरवता म्हणाल्या, "मैंने हज़ारों पेट देखे हैं, दीदी. गरीब के, अमीर के. टेबल पे लेटते ही हर औरत माफ़ी माँगती है. आपने भी माँगी थी. मर्द आज तक एक ने नहीं माँगी, और यहाँ मर्द भी आते हैं."

ते वाक्य शिट्टीपेक्षा जास्त दिवस डोक्यात वाजत राहिलं. त्यानंतर मी कोणाची माफी मागितली नाही. बँकेतही सांगितलं की शनिवारी मी कुठे जाते. दोन जणी तोंडाला पदर लावून हसल्या, एकीने लंच टाइमला कोपऱ्यात घेऊन सगळी चौकशी केली.

आठ बैठका झाल्या, त्यावर दोनेक महिने गेले. सिस्टरांनी शेवटचं माप घेतलं: दोन बोटं आणि वर थोडंसं. पुन्हा फोटो काढले. पेटीकोटचा नाडा जागेवर आला. काउंटरचा ड्रॉवर पोटाला न लागता उघडायला लागला. घडी होती, पण नरमली होती. मी खूश होते. नवऱ्याने एकदा विचारलं, "फरक पडला?"

"पडला."

"दिसत तर नाही."

"तुम्हाला दिसावा म्हणून केला नव्हता."

गोष्ट इथेच संपली असती.

पावसाळा संपता संपता मुलीने पुण्याहून एक खोकं बसने पाठवलं. ते आणायला मी बँकेतून दुपारी देवास गेटच्या बसस्टँडवर गेले. एरवी माझं तिकडे जाणं होत नाही. खोकं घेतलं, ऑटो शोधायला वळले, आणि बॅगांच्या एका दुकानाच्या वर, गच्चीच्या कठड्याला बांधलेला एवढा मोठा फ्लेक्स दिसला. दोन पोटं होती. एकावर लिहिलेलं 'पहले', दुसऱ्यावर 'बाद में'. खाली सेंटरचा पत्ता.

'पहले' मी होते.

आधी मला ते पटलंच नाही. मग उलटा 'टी' दिसला, हाताएवढा लांब. बेंबीच्या डावीकडे तुपाचे तीन डाग, प्रत्येक डाग बशीएवढा. सिस्टरांनी आखलेले पेनाचे चौकोनसुद्धा तसेच. आणि शेजारी 'बाद में' म्हणून कोणा विशीतल्या मुलीचं सपाट, गुळगुळीत पोट. एक व्रण नाही, एक डाग नाही. त्या मशीनने माझं सिझेरियनही पुसून टाकलं होतं, माझं ऑपरेशनही आणि ती दिवाळीही. खाली मक्सीची, देवासची, इंदूरची माणसं बसची वाट पाहत उभी होती. कोणी वर बघत होतं, कोणी केळं खात होतं. दोन कॉलेजची पोरं माझ्या पोटाकडे बोट दाखवून हसत होती.

पहिला विचार हाच आला, की पदर डोक्यावरून घ्यावा आणि निघून जावं. चेहरा तर नाहीच आहे, कोणाला काय कळणार? मग वाटलं, मी का पळू? मी काय केलंय?

खोकं मांडीवर घेऊन ऑटोवाल्याला सांगितलं, "फ्रीगंज चलो."

सेंटरमध्ये सहा-सात बायका वाट बघत बसल्या होत्या. सर काउंटरशीच उभे. मी विचारलं, "देवास गेट पर मेरी फोटो किससे पूछकर लगाई?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मैडम, अंदर बैठकर बात करते हैं ना."

"फोटो बाहर लगाई है, बात भी बाहर करेंगे."

"आपने फॉर्म पर साइन किया है."

"किया है. उसमें लिखा है रिकॉर्ड के लिए. रिकॉर्ड मतलब आपकी अलमारी. बस स्टैंड नहीं."

आता त्यांचा लोण्यासारखा आवाज जरा कडक झाला. "देखिए, उसमें चेहरा तो है नहीं. आप कैसे कह सकती हैं कि वो आप ही हैं? ऐसे पेट तो शहर में सैकड़ों हैं."

त्या दिवशी मी साडी नेसले होते. खोकं काउंटरवर ठेवलं, पदर खांद्यावर टाकला, निऱ्या चार बोटं खाली सरकवल्या आणि बसलेल्या बायकांकडे वळले. आवाज थरथरला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

"बोर्ड पर जो पहला पेट है, वो मेरा है. ये देखिए कट, ये देखिए दाग. दूसरा मेरा नहीं है. मेरा 'बाद में' ये है. ऐसा हुआ है."

कोपऱ्यातल्या एका मारवाडी वळणाच्या बाईंनी चष्मा लावला, उठून अगदी जवळ येऊन पाहिलं आणि विचारलं, "कितना कम हुआ, दीदी?"

"दो उँगल."

"कितनी सिटिंग में?"

"आठ. और रोज़ का चलना अलग."

"दर्द?"

"बिल्कुल नहीं. कान में सीटी बजती है."

दुसरीने विचारलं, "तो फिर वो बोर्डवाली किसकी है?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले की डिझाईन करणाऱ्याकडून चूक झाली असेल, तपासावं लागेल, हे पोट खरंच त्यांच्या पेशंटचं आहे की नाही तेही बघावं लागेल. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातमोजे काढत शांतपणे म्हणाल्या, "सर, ये पेट मैंने नापा है. फोटो मैंने खींची है, फाइल के लिए. बोर्ड पर इन्हीं का है."

नोकरीवर पाणी सोडायची तयारी असल्याशिवाय कोणी असं बोलत नाही. सर मला म्हणाले, "कल हट जाएगा."

मी निऱ्या वर केल्या, खोकं उचललं आणि घरी आले.

संध्याकाळी नवरा आला. मी चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं, एका दमात. तो बूट काढत होता. काढतच राहिला. शेवटी म्हणाला, "काढतील ते. तू आता जास्त वाढवू नकोस. आतापर्यंत कोणाला माहीत नव्हतं, तू बोंब मारलीस की सगळ्यांना माहीत पडेल."

त्या बोलण्यात काहीतरी चुकत होतं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं की तुला कसं कळलं ते तुझंच आहे. आणि मग माझ्या लक्षात आलं. शाळेत जायला तो रोज देवास गेटवरूनच बस पकडतो.

"तुम्ही पाहिलाय तो बोर्ड."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"कधीपासून आहे?"

"आठेक दिवस झाले."

"आणि तुम्हाला ओळखू आलं?"

"तीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "तेवढं तर ओळखतो."

खरं सांगते, दुसऱ्या कुठल्या प्रसंगी हे वाक्य ऐकून मी विरघळले असते. त्या दिवशी आधण उकळून गॅसवर सांडलं आणि मला कळलंही नाही. "आठ दिवस," मी म्हटलं, "आठ दिवस तुम्ही माझ्या पोटाखाली उभे राहून बसची वाट बघितलीत?"

"काय करणार होतो? सोबतचे मास्तर लोक होते. ते तर... हसून राहिले होते त्यावर."

"आणि तुम्ही?"

तो बूट जागेवर लावायला लागला. म्हणजे तोही हसला होता. त्यांच्या सोबत, त्यांना संशय येऊ नये म्हणून. मला त्या क्षणी पंडितजींचा राग नव्हता, नणंदेचा नव्हता, सरांचासुद्धा तेवढा नव्हता. मी चहा सिंकमध्ये ओतून दिला आणि त्याला सांगितलं, "लाज तुम्हाला वाटली ना? मग ती तुमची. माझ्याकडे देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. अकरा वाजता देवास गेटला पोचले. फ्लेक्स जागच्या जागी. बारा वाजले, एक वाजला. सरांना फोन लावला तर "आदमी निकल चुका है, मैडम." दीड वाजता मी बॅगांच्या दुकानात शिरले.

"भैया, ऊपर का बोर्ड किसका है?"

"छत हमारी है, बोर्ड सेंटरवालों का. क्यों?"

"उसमें पेट मेरा है. बिना पूछे लगाया है. उतारना है."

पन्नाशीचा माणूस होता, कपाळावर गंध. त्याने नकळत वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग जे जमिनीकडे पाहायला लागला ते शेवटपर्यंत. "माताजी, मुझे तो कुछ मालूम नहीं था."

"तुम्हारी गलती नहीं है. जीना किधर है?"

त्याने गल्ल्यामागून पकड काढून दिली आणि जिना दाखवला. गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. फ्लेक्स तारेने आठ ठिकाणी बांधलेला. बँकेतल्या बाईला तार कापायची सवय नसते. पहिल्याच तारेला तळहात सोलला. खालून कोणीतरी ओरडलं, "ओ अम्मा, क्या कर रही हो?" मी कठड्यावरून वाकून तितक्याच जोरात सांगितलं, "मेरा है, ले जा रही हूँ!" लोकांनी माना वर केल्या. कंडक्टर इंदूर-इंदूर ओरडायचे थांबले. एक एक तार सुटत गेली आणि शेवटची कापली तसा अख्खा फ्लेक्स सळसळत खाली गेला, दुकानासमोरच्या बॅगांवर. कोणी हसलं असेल, मला ऐकू आलं नाही. मी खाली उतरले तेव्हा दुकानदाराने तो गुंडाळून ठेवला होता, चित्राची बाजू आत करून, दोरीने बांधून. पकड परत केली. ऑटोत ती वळकटी आडवी टाकून घरी आले.

ती दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. नवरा दोन दिवस तिच्या बाजूने ये-जा करत होता. आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. सेंटरच्या संचालकांच्या नावे अर्ज, सरकारी हिंदीत, त्याच्या मास्तरी वळणदार अक्षरात. सगळे फोटो नष्ट करावेत, लेखी माफी द्यावी, अन्यथा पुढील कारवाई. मुद्दे क्रमवार. खाली माझ्या सहीची जागा सोडलेली.

"मला बोलायला जमत नाही," तो म्हणाला. "लिहायला जमतं."

मी चष्मा लावून वाचलं. एका ठिकाणी होतं, 'इस कृत्य से मेरी छवि धूमिल हुई है.' मी पेन मागितला, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मेरी फोटो चुराई गई है और उसके बगल में झूठ लगाया गया है. मेरी छवि जैसी थी वैसी ही है.' मग सही केली. त्याने ते पुन्हा सुवाच्य उतरवून काढलं. शाळा बुडवून माझ्यासोबत आला. मी त्याला माफ केलं होतं असं नाही. पण आला, हेही खरं.

सरांनी अर्ज वाचला. या वेळी अंदर-बाहर काही झालं नाही. माफीचं पत्र त्यांनी तिथेच लिहून दिलं आणि सिस्टरांना सांगितलं, मॅडमसमोर फोटो डिलीट करा. सिस्टर अजून नोकरीवर होत्या. ते मशीन नीट चालवणारं दुसरं कोणी गावात नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

सिस्टरांनी कॉम्प्युटरवर फाईल उघडली. माझे फोटो सापडले, गेले. पण त्यांच्या वर आणि खाली ओळीने फोटो होते, गळ्यापासून मांडीपर्यंतच्या बायका. गोऱ्या, सावळ्या, टाक्यांच्या, ताणाच्या रेषांच्या. काहींच्या कडेला लाल खूण केलेली होती.

"ये निशान किसलिए?" मी विचारलं.

सरांनी घसा साफ केला. सिस्टर म्हणाल्या, "अगले बोर्ड के लिए."

नवरा म्हणाला, "चल, आपलं काम झालं."

"नाही झालं," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. "सिस्टर, रजिस्टर में सबके नंबर होंगे. आप फोन लगाइए. पूछिए एक-एक से."

सरांनी विरोध करायला तोंड उघडलं. मग टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं आणि मिटलं. सिस्टरांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, रजिस्टर उघडलं आणि पहिला नंबर लावला. पहिल्या बाईने पुरतं ऐकूनही घेतलं नाही, "हटाओ, अभी के अभी हटाओ." दुसरी रडायला लागली, तिच्या घरी कोणाला माहीतच नव्हतं, सिस्टर तिच्याशी पाच मिनिटं बोलत राहिल्या. तिसरीने फोन उचलला नाही. चौथीने सगळं नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि विचारलं, "बोर्ड कहाँ लगेगा? टावर चौक पे लगाते हों तो लगा दो. मेरा तो अच्छा उतरा है. लेकिन 'बाद में' वाला भी मेरा ही लगाना, किसी छोरी का नहीं."

सिस्टर हसल्या. तिच्या नावापुढे त्यांनी पेनने बरोबरची खूण केली, शेजारी तिची अट लिहिली आणि पाचवा नंबर फिरवला.